खरे फोटॉन, आभासी फोटॉन आणि इतिहासाचा मास्तर

गेल्या वर्षी आमच्या सौ.ची पेट स्कॅन नावाची तपासणी करायची होती. डोंबिवलीहून पहाटेच निघून आम्ही मुंबईतल्या एका रुग्णालयात पोहोचलो. पोटात पाण्याखेरीज काही नाही म्हणून तिची चिडचिड चाललेली, आणि काय निघेल या धास्तीने माझी बोलती बंद. आमची नात सोबतीला होती. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे.

दहाच्या सुमारास सौ.ला शिरेतून औषध टोचले आणि एका खोलीत तासभर स्वस्थ पडून राहायला सांगितले. परिचारिकेने बजावले, "आजी, आज रात्रीपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नका हं." मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझा चेहरा पाहून नातीने मला बोलते करायचे ठरवले असावे.

"आजोबा, आता आजीच्या अंगातून प्रकाश बाहेर पडतोय."

मला वाटले थट्टा करते आहे. पण ती खरेच सांगत होती. टोचलेले औषध म्हणजे साखरेचाच एक प्रकार, त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला. ज्या पेशींना साखरेची भूक जास्त, तिथे ते जास्त साठते. कर्करोगाच्या पेशी बहुधा अशाच खादाड असतात. फ्लोरिनच्या अणूतून पॉझिट्रॉन नावाचा कण बाहेर पडतो. तो म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन कण, म्हणजे दोन फोटॉन, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. डोळ्यांना न दिसणारा, क्ष-किरणांच्या जातीचा पण त्याहून जोरकस असा हा प्रकाश. रुग्णाभोवती स्फटिकांचे कडे असते. कड्याच्या दोन बाजूंना एकाच वेळी, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागाच्या आत, दोन फोटॉन आदळले तरच यंत्र ती नोंद धरते. एकटादुकटा आला तर सोडून देते. अशा लाखो जोड्या जमल्या की त्यांच्या रेषा जिथे जिथे एकमेकींना छेदतात तिथे काय आहे याचे चित्र संगणक काढतो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दोन साक्षीदार, दोन वेगळ्या बाजूंनी आलेले, आणि दोघांची वेळ जुळली तरच नोंद ग्राह्य. बखरी आणि पत्रे पारखताना इतिहासकार याहून वेगळे काय करतात? माझा जीव जरा थाऱ्यावर आला. म्हटले, म्हणजे चित्र विश्वासाचे असणार.

"हे झाले खरे फोटॉन," नात म्हणाली. "आभासी फोटॉन वेगळे."

"आभासी म्हणजे खोटे?"

"खोटे नाहीत. पण आहेत असंही सरळ म्हणता येत नाही."

इतिहासाच्या मास्तराला असले उत्तर चालत नाही. अफझलखान प्रतापगडाखाली आला होता की नव्हता, एवढे तरी सांगा! पण तेवढ्यात तिला कुणाचा तरी फोन आला आणि तो विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. पुढे अहवालाची वाट पाहण्याच्या दिवसांत मन कुठेतरी गुंतवायचे होतेच. मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणली, नातीला फोनवर पिडले, आणि बी.ए. झालेल्या माणसाला जेवढे झेपेल तेवढे समजून घेतले. ते इथे मांडतो आहे.

प्रश्न तसा जुना आहे. चुंबक टाचणीला न शिवता ओढतो, पृथ्वी चंद्राला न शिवता धरून ठेवते. मध्ये काय असते? न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम दिला, पण मध्ये काहीही नसताना एक वस्तू दुसरीवर परिणाम करते ही कल्पना त्याला स्वतःलाच पटत नव्हती. १६९३ साली बेंटली नावाच्या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात त्याने तिला चक्क मूर्खपणा म्हटले आहे. पुढे फॅरेडेने चुंबकाभोवतीच्या अवकाशातच काहीतरी पसरलेले असते असे सुचवले आणि मॅक्सवेलने त्याला गणिताचे रूप दिले. विद्युतचुंबकीय क्षेत्रावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध १८६४ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. आणि त्याच १८६४ सालचे हे कल्याणचे वाचनालय! बोरीबंदरहून निघालेली आगगाडी कल्याणला पोहोचून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. ज्या वर्षी लंडनमध्ये प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर असे ठरत होते, त्याच वर्षी आमच्या कल्याणात लोक वाचायला एकत्र जमू लागले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळते, तरी नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मग १९०५ साली आइनस्टाइनने म्हटले की प्रकाश लहरीसारखा वागत असला तरी त्याची देवाणघेवाण सुट्ट्या पुडक्यांत होते. त्यावर बरीच वर्षे थोरामोठ्यांचाही विश्वास बसेना. १९२३ साली कॉम्प्टनचा प्रयोग आला. पुढच्याच वर्षी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी या पुडक्यांची मोजदाद नव्या रीतीने करून दाखवली. आइनस्टाइनने तो लेख स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. 'फोटॉन' हे नाव रूढ झाले १९२६ नंतर, गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञामुळे. गंमत म्हणजे त्याच्या मनात त्या नावाचा अर्थ वेगळाच होता. त्याची कल्पना टिकली नाही, नाव टिकले.

इथवर सगळे फोटॉन खरेच. निघाला, गेला, कशावर तरी आदळला, नोंद झाली. आभासी फोटॉनची गोष्ट मला सापडली ती आपल्याच मुंबईच्या माणसापाशी.

"भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक कोण?" हा एका गुणाचा प्रश्न मी किती वर्षे विचारला असेल याची गणती नाही. उत्तर: डॉ. होमी भाभा. ट्रॉम्बे, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९६६ च्या जानेवारीत माँ ब्लाँवरचा विमान अपघात. एवढे सांगितले की आमचा भाभा संपायचा. पण जगभरचे पदार्थवैज्ञानिक त्यांचे नाव रोज घेतात ते वेगळ्याच कारणासाठी, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले.

घरच्यांची इच्छा होती की होमीने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून यावे आणि जमशेदपूरच्या कारखान्यात काम करावे. त्याने अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम दिली, पण मन भौतिकशास्त्रात होते आणि ते त्याने वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवले होते. १९३५ साली, पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना, त्याने एक प्रश्न घेतला. पॉझिट्रॉन तेव्हा नवा होता, १९३२ साली सापडलेला. तो इलेक्ट्रॉनवर आदळला तर दोघे कोणत्या दिशेला किती प्रमाणात उडतील?

आता इथे एक मेख आहे. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनहून अगदी स्वतंत्र कण असेल, तर हिशेब सोपा: दोघे एकमेकांना ढकलाओढ करून बाजूला होतील. पण डिरॅकचा सिद्धांत सांगत होता की दोघे एकमेकांना नाहीसे करू शकतात. तसे असेल तर आणखी एक शक्यता उघडते. आलेली जोडी नाहीशी होईल आणि तिच्या जागी नवी जोडी जन्माला येईल. बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जुने की नवे हे ओळखायला काहीच साधन नाही. भाभांनी दाखवले की दोन्ही शक्यता एकाच हिशेबात एकत्र घ्याव्या लागतात, आणि त्याने उत्तरात मोजता येण्याजोगा फरक पडतो. निबंध १९३६ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आला. पुढे प्रयोग झाले तेव्हा या जादा शक्यतेसह केलेला हिशेबच बरोबर ठरला. आज त्या टकरीला 'भाभा विकिरण' म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत १९८९ ते २००० या काळात सत्तावीस किलोमीटर घेराच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या झुंडी एकमेकींवर सोडत. आदळण्याचे प्रमाण किती आहे हे मोजायचा त्यांचा मापदंड होता भाभांची ही टक्कर.

आता त्या दुसऱ्या शक्यतेकडे नीट पाहू. जुनी जोडी नाहीशी झाली आहे, नवी अजून जन्मायची आहे. मध्ये काय आहे? आजच्या भाषेत उत्तर आहे, एक फोटॉन. पण तो खरा असूच शकत नाही. का, ते नातीने मला दोन पैशांच्या हिशेबासारखे समजावले. दोन कण समोरासमोर सारख्याच वेगाने आले तर त्यांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग म्हणून शाळेत शिकवतात तो) उलटसुलट असल्याने मिळून शून्य होतो. ऊर्जा मात्र दोघांचीही शिल्लक राहते. खऱ्या फोटॉनचा नियम असा की ऊर्जा असली की त्या प्रमाणात संवेग असलाच पाहिजे. मग ऊर्जा आहे आणि संवेग शून्य, असा एकटा खरा फोटॉन आणायचा कुठून? दोन निघाले तर विरुद्ध दिशांना जाऊन हिशेब जुळवतात. सौ.च्या अंगातून जोडीजोडीने का निघत होते याचे कारणही नेमके हेच! एकाच नियमाने पेट स्कॅनमध्ये दोन खरे फोटॉन मिळतात, आणि तोच नियम भाभांच्या टकरीतल्या एकट्या फोटॉनला आभासी ठरवतो.

'आभासी' या शब्दाने मात्र आपला घोटाळा होतो. शाळेत आरशातल्या प्रतिमेला आपण आभासी प्रतिमा म्हणतो, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. मृगजळालाही आभासच म्हणतो. इंग्रजीतल्या 'व्हर्च्युअल' या शब्दाला आणखी एक जुनी छटा आहे: नावाने नसले तरी परिणामाने असलेले. गावात पाटलाकडे वतन असते पण कारभार सगळा पाटलीणबाई पाहते, तशातला प्रकार.

हे सगळे चित्रात मांडले रिचर्ड फाइनमन यांनी, १९४९ साली. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात तेव्हा मध्ये आभासी फोटॉनची देवघेव दाखवणारी त्यांची नागमोडी रेघ आता पाठ्यपुस्तकांत सर्रास असते. पण ती रेघ म्हणजे कुणा कणाचा पाहिलेला मार्ग नव्हे. सुरुवात ठाऊक आहे, शेवट ठाऊक आहे, मधल्या सगळ्या शक्यतांची ठरावीक नियमाने बेरीज करायची. त्या बेरजेतले एक पद म्हणजे ती रेघ.

मला एकदम आग्रा आठवले. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले आणि पुढे राजगडावर प्रकटले. मधला मार्ग कोणता? कुणी त्यांना मथुरा, प्रयाग, काशीवरून फिरवून आणतात, कुणी सरळ माळव्यातून. वाटेवरच्या कितीतरी गावांत 'महाराज इथे उतरले होते' अशी कथा सांगतात. दोन टोके पक्की, मधले सगळे तर्काचे. मी खूश होऊन नातीला म्हटले, "हाच तुझा आभासी फोटॉन!"

"नाही आजोबा," ती म्हणाली. "महाराज एकाच वाटेने आले. ती कोणती हे तुम्हाला माहीत नाही, एवढंच. इथे तसं नाही. इथे सगळ्या वाटा धरल्या तरच उत्तर बरोबर येतं. एकच खरी वाट होती असं धरून चाललात तर हिशेब चुकतो."

इतिहासात न सापडलेले पत्र उद्या एखाद्या दप्तरात सापडू शकते. आभासी फोटॉनचे पत्र कधीच सापडणार नाही. आपला शोध कमी पडतो म्हणून नव्हे, तसे पत्र लिहिलेच गेलेले नाही म्हणून. हे पचवायला मला दोन दिवस लागले.

मग तो केवळ कागदावरचा म्हणायचा का? त्याच सुमारास टोमोनागा आणि श्विंगर यांनी असल्या रेघांशिवाय, निराळ्या गणिताने हेच प्रश्न सोडवले होते. १९४९ मध्ये फ्रीमन डायसन यांनी दाखवून दिले की तिघांच्या पद्धती मुळात एकच आहेत. म्हणजे एकच हिशेब कुणी मोडीत लिहिला, कुणी बालबोधीत. बेरीज तीच. ही बेरीज खोटी म्हणण्याची मात्र सोय नाही. १९४७ साली लॅम्ब आणि रेदरफोर्ड (अणुकेंद्र शोधणारा तो नव्हे, हा दुसरा) यांनी हायड्रोजनच्या ऊर्जापातळीत जो बारीकसा फरक मोजला, तो या मधल्या पदांशिवाय येत नाही. इलेक्ट्रॉन स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. त्याचे मोजलेले बळ आणि हिशेबाने आलेले बळ दहाहून अधिक आकड्यांपर्यंत जुळते. इतिहासात एक शतक इकडेतिकडे झाले तरी आम्ही चालवून घेतो!

आणि नेमके इथे दुसरा मराठी माणूस भेटतो. जयंत नारळीकर. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले, काशीला वाढलेले, मराठी वाचकांना विज्ञानकथांमुळे घरचे वाटणारे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी न्यूटनला नकोसा वाटलेला तोच मूर्खपणा नव्याने तपासायला घेतला. मध्ये क्षेत्र नाही, सुटा फिरणारा फोटॉन नाही, फक्त विद्युतभार आहेत आणि ते दूर अंतरावरून एकमेकांवर परिणाम करतात, असे धरले तर? व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये ही वाट दाखवली होती. त्या सिद्धांतात देणाऱ्याइतकाच घेणाराही महत्त्वाचा. साऱ्या विश्वात एकच विद्युतभार असेल आणि प्रकाश घेणारे दुसरे काहीच नसेल, तर तो कितीही हलला तरी त्यातून प्रकाश निघणारच नाही. आपल्याला रोज दिसतो तसा प्रकाश मिळायला विश्वात कुठेतरी, कधीतरी त्याला शोषणारे पुरेसे असले पाहिजे. म्हणजे दिवा पेटणे आणि विश्वाची रचना यांचा संबंध लागतो! हॉईल-नारळीकरांनी तो संबंध तपासला आणि पुढे या विचाराला पुंज सिद्धांताच्या चौकटीतही बसवून दाखवले. १९७४ मध्ये दोघांचे त्यावर पुस्तक आले. त्याआधी दोन वर्षे नारळीकर भारतात परतून भाभांच्याच कुलाब्याच्या संस्थेत रुजू झाले होते.

ज्या स्थिर-स्थिती विश्वाला हा सिद्धांत सोयीचा होता, त्या विश्वाच्या बाजूने पुरावा उभा राहिला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ आज क्षेत्राच्याच भाषेत बोलतात. पण या वाटेने गेल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते, आणि ती क्षेत्राच्या भाषेतही खरी राहते. ताऱ्यातून निघून आपल्या डोळ्यात शिरलेला फोटॉनसुद्धा कुठेतरी निघाला आणि कुठेतरी संपला. तोही एका अर्थी मधलाच. वाट जितकी लांब, तितका तो ऊर्जा-संवेगाच्या नियमाच्या जवळ जातो आणि तितका 'खरा' ठरतो. म्हणजे खरे आणि आभासी अशा दोन जाती नाहीत. ज्याची साक्ष नोंदवता येते त्याला आपण खरा म्हणतो, आणि ज्याच्यावाचून बेरीज जुळत नाही पण जो साक्षीला येऊ शकत नाही, त्याला आभासी.

हे सगळे एका रात्री जेवताना मी सौ.ला उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, म्हणजे आमच्यासारखंच की. सातबाऱ्यावर तुमचं नाव, रेशनकार्डावर तुमचं नाव. मधली धावपळ कुणाच्या कागदात आहे?"

मी म्हटले, "अगं, पण तू तर आहेसच की." नातीने मला आग्र्याच्या बाबतीत जसे पकडले तसेच मी हिला पकडले असे मला वाटले. पण ती हसलीही नाही. छत्तीस वर्षे मी जो इतिहास शिकवला तो सहीशिक्क्यांच्या माणसांचा. ज्यांच्यावाचून त्यातली एकही बेरीज जुळली नसती अशा बायका धड्यात किती होत्या, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिले. त्या तर आभासी नव्हत्या. साक्षीला येऊ शकल्या असत्या. आम्हीच बोलावले नव्हते.

अहवाल पुढे चांगला आला. पण मला जास्त आठवते ती तपासणीच्या दिवशीची संध्याकाळ. शेजारचा चार वर्षांचा मुलगा नेहमीप्रमाणे आजीकडे खाऊला आला. सौ. दारामागूनच म्हणाली, "आज नको रे राजा, उद्या ये." तो हिरमुसला होऊन गेला. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. दहाला टोचलेले, रात्री नऊपर्यंत चौसष्टावा हिस्सा. नातीने हा हिशेब कागदावर करून दाखवला तरी सौ.ने त्या रात्री दार उघडले नाही.

सकाळी तो सातलाच आला. तिने त्याला कडेवर घेतले.